घरातली हमाली

(पूर्णा, ता. भिवंडी येथे परिसरातल्या महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलीतला सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळल्यावर आपल्यातल्या काहीजणींनी मला विचारलं, की खाटेवरच्या नवऱ्याला खुर्चीत कसं बसवायचं हा तर डॉक्टरांचा विषय झाला, संघटनेने त्यात काय बोलायचं? मारहाण, रेशन, पाणी, घरावर नाव लागणं हे आपले विषय. प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करते.

आपण बसलोय ते गाव कसलं आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे, माणकोली. जुन्या आग्रा रोडच्या दोन्ही अंगांना नुसती गोदामं. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर आणि तरी मुंबईला लागून, म्हणून इथे माल उतरायला लागला. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं राहिली, उलट वाढली. भाताची शेतं गेली आणि शेड उभ्या राहिल्या. पलीकडे भिवंडी शहरात यंत्रमाग आहेत. म्हणजे या तालुक्यात उचलणं, ठेवणं, थप्पी लावणं, गाडी भरणं, गाडी खाली करणं यावर हजारो घरं चालतात.

आणि जिथे उचलणं असतं तिथे पडणंही असतं. थप्पी अंगावर येते, माणूस शेडवरून पडतो, गाडीच्या फाळक्यावरून पाय निसटतो. रस्त्यावर कंटेनर आणि दुचाकी शेजारी शेजारी धावतात, तिथले अपघात वेगळे. त्यात पाठीचा कणा दुखावला की कमरेखालचं अंग जातं. मानेत दुखावला तर हातही जातात. अपघात नसला तरी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्यामुळे पन्नाशीत अर्धांगवायू झालेले पुरुष आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. महिना-दीड महिन्याने ते दवाखान्यातून घरी येतात आणि त्या दिवसापासून घरातली हमाली सुरू होते. ती करणारी बाई असते.

हमाली हा शब्द काहीजणींना खटकेल. आपला माणूस म्हणजे काय पोतं आहे का? नाही, पोतं नाही. त्याच्यावर माया असते, त्याला दुखतं, तो लाजतो, चिडतो. पण पृथ्वी त्याला पोत्याइतकीच खाली ओढते. बाईच्या मणक्याला माया कळत नाही, वजन कळतं. म्हणून मी हा शब्द मुद्दाम वापरते.

हिशेब मांडून पाहू

माणूस साठ किलोचा धरा. सकाळी खाटेवरून कमोडच्या खुर्चीत, तिथून परत खाटेवर. दुपारी खाटेवरून चाकाच्या खुर्चीत, परत खाटेवर. संध्याकाळी पुन्हा एकदा जाणं-येणं. दिवसाला सहा वेळा झाले. साठ गुणिले सहा म्हणजे ३६० किलो. महिन्याचे १०,८०० किलो होतात. प्रत्येक वेळी सगळं वजन तिच्यावर येतं असं नाही, काहीजण हातांनी जोर लावतात. निम्मं धरा. तरी महिन्याला पाच टनांच्या वर जातं. इथे बसलेल्या प्रत्येकीला पाच टन माल म्हणजे केवढा ते माहीत आहे. एवढी गाडी कुणी फुकट खाली करून देतं का?

शिवाय कूस बदलणं वेगळंच. ज्याला स्वतःला हलता येत नाही आणि जाणीवही नाही, त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, खुब्यावर जखमा होतात. या जखमा वरून रुपयाएवढ्या दिसतात आणि आत हाडापर्यंत गेलेल्या असतात. त्यांत पू होतो, विष अंगभर पसरतं आणि माणूस त्यानेच जातो. कणा दुखावलेली पुष्कळ माणसं अपघातातून वाचतात आणि अशा जखमांनी जातात. दर दोन तासांनी म्हणजे चोवीस तासांत बारा वेळा. त्यातल्या चार वेळा रात्रीच्या. ही बाई सलग झोपते कधी, हे तिला कुणी विचारलेलं नसतं.

आता कायदा काय म्हणत होता ते पाहा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३४ मध्ये लिहिलं होतं, की इजा होईल एवढं जड ओझं कुठल्याही कामगाराला उचलायला लावू नये. त्याखालच्या राज्यांच्या नियमांत प्रौढ बाईसाठी साधारण ३० किलोची मर्यादा धरली गेली. म्हणजे कारखान्यात जे ओझं बाईला देणं गुन्हा ठरलं असतं, त्याच्या दुप्पट ओझं ती घरात उचलते, आणि तिथे मर्यादा नाही, पाळी नाही, सुट्टी नाही.

माणूस उचलणं हे गोणी उचलण्यापेक्षा अवघडही आहे. गोणीला धरायला कोपरे असतात, ती मध्येच आखडत नाही, घाबरून गळ्याला मिठी मारत नाही. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारे संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ साली याचा हिशेब मांडला. एका माणसाने रुग्णाला हातांनी उचलायचं तर जास्तीत जास्त ३५ पौंड, म्हणजे जेमतेम १६ किलो भार यावा, त्यापुढे साधन वापरावं, असं त्यांनी सांगितलं. तेही रुग्ण शांत, सहकार्य करणारा असेल तरच. हे रुग्णालयातल्या, शिकलेल्या, धट्ट्याकट्ट्या नर्सेससाठी आहे. आपल्या बायकांच्या अंगातलं रक्त किती असतं ते आपल्याला शिबिरातल्या तपासण्यांमधून माहीतच आहे.

परिणाम काय होतो? कंबर धरते, मान धरते, गुडघे जातात हे तर सगळ्या सांगतात. एक गोष्ट मात्र खालच्या आवाजात, शेवटी, दाराशी निघताना सांगतात: 'ताई, अंग बाहेर येतंय.' बाळंतपणं झालेल्या बाईने वर्षानुवर्षं जड उचललं, जोर लावून ओढलं की पिशवी खाली सरकायला हातभार लागतो. नवऱ्याला उचलताना लघवी सुटते हे तर मी कितीजणींकडून ऐकलंय. त्या ते कुणाला सांगत नाहीत. आजारी तो आहे ना, मग मी कशी आजारी पडू, असं त्यांना वाटतं.

पत्नीधर्म आणि पाळी

या कामाला नाव काय आहे? सेवा. सावित्रीने सत्यवानाचे प्राण परत आणले, तू नवऱ्याला उचलू शकत नाहीस? वडाला दोरा बांधताना हे कुणी बोलून दाखवत नाही, पण शेजारपाजार, सासर, माहेर सगळे त्याच नजरेने बघतात. दवाखान्यातून सोडताना केस-पेपरवर 'काळजी घेणारी व्यक्ती' असा रकाना असतो, तिथे 'पत्नी' लिहिलं की काम संपलं. एमएसडब्ल्यूला असताना हा रकाना भरायला आम्हीही शिकलो. तिला कंबरदुखी आहे का, तिचं वजन किती, घरात दुसरं कोण आहे, तिची नोकरी आहे का, हे विचारायला त्या कागदावर जागाच नसते.

आणि उलट झालं तर? बाई जिन्यावरून पडून कायमची खाटेला लागली तर? सगळे नवरे वाईट नसतात. बायकोचं सगळं स्वतः करणारे पुरुष मी पाहिलेत, त्यांचीही कंबर जाते, आणि आज जे बोलणार आहे ते त्यांच्याही उपयोगाचं आहे. पण बहुतेक वेळा बाई माहेरी पोचवली जाते. तिथे तिची म्हातारी आई तिला उचलते. म्हणजे उचलणारी पुन्हा बाईच.

१९७३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या नर्सवर लैंगिक अत्याचार झाला आणि ती कायमची जायबंदी झाली. २०१५ साली तिचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं, त्याच रुग्णालयातल्या नर्सेसनी तिला सांभाळलं. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या प्रकरणात निकाल दिला तेव्हा या नर्सेसचं तोंड भरून कौतुक केलं. इतक्या वर्षांत तिला झोपून जखमा होऊ दिल्या नाहीत, ही गोष्ट सगळीकडे सांगितली गेली. कौतुक योग्यच आहे. पण ते कशामुळे जमलं हेही आपण पाहिलं पाहिजे. तिथे पाळ्या होत्या. एकीची पाळी संपली की दुसरी येत होती. त्यांना पगार होता, प्रशिक्षण होतं, हाकेच्या अंतरावर डॉक्टर होते, आणि वळवायला दोन-तीनजणी एका वेळी होत्या. आपल्या वस्तीतली बाई तेच काम दहा बाय बाराच्या खोलीत, एकटी, बिनपाळीची करते, आणि जखम झाली की सगळे तिलाच विचारतात, 'लक्ष नव्हतं का तुझं?'

केंद्र सरकारने २०१९ साली वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकामाला बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते आणि पुरुष ९७. माणसांची देखभाल करायला बाई १३४ मिनिटं आणि पुरुष ७६. २०२१ साली एका अपघात भरपाईच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच आकड्यांचा आधार घेतला आणि गृहिणीच्या कामाला पैशांत मोल आहे असं स्पष्ट म्हटलं. म्हणजे आपण इतकी वर्षं जे ओरडून सांगत होतो ते निकालपत्रात आलं. ते घरात यायचं आहे.

साधनं कोणती

आता कामाचं बोलू. गोदामात पन्नास किलोचा खोका कुणी पाठीवर घेऊन दिवसभर हिंडत नाही. ट्रॉली असते, पॅलेट ट्रॉली असते, फोर्कलिफ्ट असते. मालकाला दया आली म्हणून ती आलेली नाहीत. माल लवकर हलावा म्हणून काही आली, आणि हमालांच्या संघटनांनी भांडून ओझं कमी करून घेतलं म्हणून काही. शंभर किलोचं पोतं जाऊन पन्नासचं आलं त्यामागे हमाल पंचायतीसारख्या संघटनांचा आग्रह होता. माथाडींसाठी १९६९ साली या राज्याने खास कायदा केला. बाहेरच्या उचलण्याला लढ्यामुळे नियम मिळाले. घरातल्या उचलण्याला अजून साधनसुद्धा मिळालेलं नाही.

पहिलं साधन सरकफळी. गुळगुळीत प्लायवूडची फळी, साधारण अडीच फूट लांब, आठ-दहा इंच रुंद, पाऊण इंच जाड, दोन्ही टोकं उतरती घासलेली, कुठे फोड किंवा खिळा नाही. चाकाची खुर्ची खाटेला तिरकी लावायची, ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या, खाटेकडचा हात काढायचा. फळीचं एक टोक त्याच्या मांडीखाली, दुसरं खुर्चीवर. मग तो हातांनी जोर लावत थोडा थोडा सरकतो आणि आपण फक्त तोल सांभाळतो. ज्याला बसता येतं आणि ज्याच्या हातांत ताकद आहे त्याच्यासाठी ही फळी आहे. आपल्या गल्लीतला सुतार ती करून देईल. आधी धडधाकट माणसाने तिच्यावर बसून बघायचं, मग वापरायची.

दुसरं, सरकचादर. दुहेरी, निसरड्या कापडाची. ती अंगाखाली घातली की वर सरकवायला, वळवायला निम्मीसुद्धा ताकद लागत नाही. भिवंडीत कापडाचा तोटा नाही. पॅराशूट कापडाच्या अशा चादरी आपला बचत गट शिवू शकतो. एकच लक्षात ठेवा: काम झालं की ती काढून घ्यायची. तशीच ठेवली तर माणूस खाटेवरून घसरून खाली येतो.

तिसरं, कमरपट्टा. रुंद, मजबूत पट्टा, त्याला दोन्हीकडे मुठी. अर्धांगवायूच्या माणसाला आपण काखेत हात घालून किंवा लुळ्या हाताला धरून ओढतो. त्याने त्याचा खांदा निखळतो आणि आपली कंबर जाते. पट्टा असला की धरायला जागा मिळते. अशा माणसाला नेहमी त्याच्या चांगल्या बाजूकडे सरकवायचं. पोटाचं किंवा पाठीचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पट्टा बांधायचा नाही.

चौथं, चाकाची खुर्ची. 'खुर्ची मिळाली' एवढ्यावर समाधान मानू नका. हात निघतात का, पट्ट्या बाजूला होतात का, बैठक खाटेच्या उंचीची आहे का, ब्रेक लागतात का, आपल्या दारातून ती आत येते का, हे बघून घ्या. हात पक्के जोडलेली खुर्ची असेल तर माणसाला त्या हातावरून उचलून आत टाकावं लागतं, आणि फळी असून नसल्यासारखी होते. फुकट मिळालेल्या कितीतरी खुर्च्या आपल्या वस्तीत कपडे वाळत घालायला वापरल्या जातात, त्याचं कारण हे आहे. खुर्चीत गादी हवीच, आणि बसल्यावर दर वीस-तीस मिनिटांनी त्याने हातांवर जोर देऊन बूड उचलायचं किंवा बाजूला कलायचं.

पाचवं, पेशंट लिफ्ट. ज्याचे हातही गेलेत किंवा जो फार जड आहे त्याच्यासाठी. पॅलेट ट्रॉलीचं हँडल दोन-चारदा मारलं की तेलाच्या दाबावर माल वर येतो, हे तुमच्या घरातल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक आहे. हाताने चालणाऱ्या लिफ्टचं तत्त्व तेच. माणसाला झोळीत घ्यायचं, हँडल मारायचं, वर उचलायचं, ढकलत खुर्चीपर्यंत न्यायचं, हळूच सोडायचं. अडचण जागेची. लिफ्टचे पाय खाटेखाली जायला हवेत, म्हणजे पेटी-पलंग चालत नाही, खाटेखाली चार-पाच इंच मोकळे लागतात. फिरवायला जमीन सपाट लागते, उंबरठा आडवा येतो. शिवाय ती महाग आहे, एकट्या घराने विकत घ्यावी अशी नाही. आणि एक इशारा: गोदामातली साखळी-कप्पी आणून घराच्या वाशाला टांगू नका. ती मालासाठी असते, माणसासाठी नाही.

यातलं कुठलंही साधन घेण्याआधी एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे, तिथे हे काम चालतं. शिकायला एकट्या बायकोने जायचं नाही. मुलगा, दीर, सासरा, जो कुणी हातीपायी धड आहे त्याला बरोबर घ्यायचं.

हे मुद्दाम सांगते. जातं होतं तेव्हा दळण बाईचं होतं. गिरणी आली, पट्टा फिरू लागला, तेव्हा गिरणीवर पुरुष बसला आणि दळणाचे पैसे घेऊ लागला. अवजार आलं की काम बाईच्या जन्माला चिकटलेलं राहत नाही, कुणीही करू शकतं. 'आम्हाला जमत नाही, तुझ्या हातालाच सवय आहे' हे जे घरातले पुरुष म्हणतात ना, त्याला फळी आणि पट्टा हे उत्तर आहे. शिकलं की जमतं. एकदा दोघांना येऊ लागलं की पाळी लावता येते. रात्रीचं वळवणं मुलाचं, सकाळची खुर्ची तिची.

याला आणखी एक बाजू आहे. जो नवरा धडधाकट असताना मारत होता, तोच आता खाटेवर आहे. त्याचंही करायचं का? एका बाईने मला हे विचारलं होतं. मी तिला उत्तर दिलं नाही, तो निर्णय तिचा आहे. पण आज ती निर्णयच करू शकत नाही, कारण तिने हात काढला तर तो माणूस घाणीत पडून राहील आणि ते तिला बघवत नाही. साधनं असली, उचलायला दुसरं कुणी तयार असलं, तरच तिला 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल.

त्या माणसाची बाजूही विसरू नका. त्याला विचारल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावू नका. 'मला क्रेनने उचलणार का?' असं म्हणून सुरुवातीला पुष्कळजण चिडतात. पण बायकोच्या गळ्यात लोंबकळण्यापेक्षा फळीवरून आपल्या हातांनी सरकणं हे जास्त मानाचं आहे, हे एकदा करून पाहिलं की त्यांना पटतं. खुर्चीत बसला की तो दारात येतो, चार माणसांशी बोलतो, भाजी निवडतो, मुलांचा अभ्यास घेतो. खाटेवर असेपर्यंत तो घरातला आजारी असतो, खुर्चीत आला की घरातला माणूस होतो.

मागायचं काय, कुणाकडे

२०१६ साली अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. सरकारी कागदांवर आता 'दिव्यांग' असा शब्द असतो. या कायद्यात काळजी घेणाऱ्या व्यक्तीची व्याख्या आहे. पैसे घेऊन किंवा न घेता काळजी घेणारी व्यक्ती, त्यात घरचे आले. म्हणजे तुम्ही आलात. कलम २४ मध्ये सरकारने कोणत्या योजना कराव्यात हे सांगितलंय, त्यात मोफत साधनं आहेत, पेन्शन आहे, आणि जास्त आधार लागणाऱ्या अपंगांसाठी काळजीवाहकाचा भत्ताही आहे. मात्र त्याच कलमात 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे शब्द आहेत, आणि सरकारची कुवत बाईच्या कामाशी आली की संपते. केरळमध्ये 'आश्वासकिरणम्' नावाने खाटेला खिळलेल्यांची देखभाल करणाऱ्यांना मदत देणारी योजना झाली. रक्कम महिन्याला काही शे रुपयांची, म्हणजे तुटपुंजीच. पण काळजी घेणारीच्या नावाने पैसे निघू शकतात एवढं त्यातून सिद्ध झालं.

केंद्राची साधनं देण्याची योजना १९८१ पासून आहे, तिच्यातून शिबिरं भरतात. तिथे मिळणाऱ्या बहुतेक वस्तू अपंग माणसाने स्वतः वापरायच्या असतात: तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्र, खुर्ची. ते हवंच. पण उचलणारीसाठी काय, हा प्रश्न शिबिरात जाऊन आपण विचारायचा. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड आधी काढून ठेवा.

वाहन अपघात असेल तर भरपाईच्या दाव्यात फक्त त्याच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब मांडून थांबू नका. २०२० साली एका अपघातग्रस्त मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला दोन मदतनीस लागतील असं धरलं, प्रत्येकी महिना ५,००० रुपये, आणि त्यापोटी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. मदतनीसाचा खर्च हा भरपाईचा वेगळा भाग आहे. 'बायको घरी आहेच की' असं समोरचा वकील म्हणेल. आपल्या वकिलाला हा निकाल दाखवायला सांगा.

आणि सर्वांत जवळचं दार म्हणजे ग्रामपंचायत. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. आपल्या पट्ट्यात हे उत्पन्न कुठून येतं? गोदामांच्या घरपट्टीतून. ज्या गोदामांत आपल्या माणसांचे कणे मोडले, त्याच गोदामांच्या करातला हा हिस्सा आहे. कुणाच्या मेहेरबानीचा नाही. तो कुठे खर्च झाला हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती कागदोपत्री उरकली जाते. या वेळी आपण तिथे बसू.

मागणी एवढीच ठेवू: गावात रुग्णोपयोगी साहित्याचं एक केंद्र. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मंडळं आणि संस्था अनामत घेऊन वॉकर, खाटा, खुर्च्या वापरायला देतात. तसंच केंद्र पंचायतीच्या पैशांतून, आपल्या गटांच्या देखरेखीखाली. त्यात एक-दोन पेशंट लिफ्ट, निघणाऱ्या हातांच्या खुर्च्या, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या. फळ्या सुतार करेल, चादरी आणि पट्टे बचत गट शिवेल, त्याचे पैसे पंचायत देईल. महिन्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट येऊन घरोघरी शिकवेल. केरळमध्ये १९९३ साली कोळिकोडला शुश्रूषेचं काम सुरू झालं, पुढे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जोरावर घरोघरी पोचलं, २००८ साली तिथल्या सरकारने ते धोरण म्हणून स्वीकारलं, आणि आज पंचायती त्यात आहेत. तिथल्या पंचायतींना जमतं, तर एवढी गोदामं हद्दीत असलेल्या आपल्या पंचायतींना का जमू नये?

आजच्या बैठकीतून तीन कामं वाटून घेऊ. पहिलं, प्रत्येक गटाने आपल्या गल्लीत कुणाला कोण उचलतंय याची यादी करायची. खाटेवर कोण आहे याची यादी पंचायतीकडे असेल, उचलणारीची नसेल, ती आपण करू. त्यात मराठी, उत्तर भारतीय, आगरी, मुसलमान असा भेद करायचा नाही, कंबर सगळ्यांची सारखीच असते. दुसरं, उचलणाऱ्या प्रत्येक बाईची तपासणी, कंबर आणि पिशवी दोन्हीची. तिसरं, महिला सभेतला ठराव, लेखी, सह्यांसह, आणि त्याची पोच घेऊन.

घरी गेल्यावर मात्र यातल्या कशाचीही वाट बघू नका. ज्या घरात आज रात्री कुणाला वळवायचंय, तिथे शेजारणीने फक्त विचारायचं, 'वहिनी, दुसऱ्या बाजूला मी धरू का?' आणि वहिनीने 'नको, सवय आहे मला' असं म्हणायचं नाही.